गोड निघालेली शार्डोने

१

हॉटेलवाल्याने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि सगळ्यांच्या देखत पाण्याच्या भांड्यात थुंकला.

"आबासाहेब, ही चेष्टा आहे का?"

टेबलाभोवती कुणालाच काही कळेना. हॉटेलवाल्याने दुसरी बाटली उघडायला लावली. मग तिसरी. प्रत्येक वेळी तोच घोट आणि तेच तोंड वाकडं करणं. शेवटी त्याने ग्लास द्राक्षमळ्याच्या मालकांच्या, आबांच्या पुढ्यात सरकवला. "मी ड्राय शार्डोने मागवली होती, बिनगोडाची पांढरी वाईन, सरबत नाही. यात साखर घातलीय. सरळ सरळ भेसळ आहे ही!"

टेबलाच्या कोपऱ्यात आबांची धाकटी बहीण बसली होती. सगळं गाव तिला फौजदार आत्या म्हणायचं, कारण पोलिसातल्या नोकरीतून निवृत्त झाली तरी तिची नजर निवृत्त झाली नव्हती. तिने ग्लास ओढून घेतला आणि चाखला. खरंच गोड. या घराच्या वाईनला गोडाचा वासही नसतो. कच्च्या सफरचंदासारखी करकरीत, जिभेवरून स्वच्छ उतरणारी वाईन, त्यासाठीच तर लोक एवढ्या लांबून येतात. आणि ही? ओठ चिकटायला लागले होते.

तासाभरापूर्वी याच टेबलावर किती हसणं-खिदळणं चाललं होतं! हॉटेलवाला आपल्या सगळ्या हॉटेलांत फक्त ह्यांचीच शार्डोने ठेवणार होता. वर तो म्हणाला होता, "गेली तीन वर्षं ही वाईन सूनबाई करतात ना? मग लेबलवर त्यांची सही हवी. लोकांना कळू दे कुणाचा हात आहे तो." सून लाजून लालेलाल झाली होती. आणि आता तीच सून भिंतीला पाठ लावून उभी होती, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

"मी नाही घातली," ती म्हणाली. "आबा, तुम्हाला माहितीय मी असलं काही करणार नाही."

आबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते हॉटेलवाल्याला म्हणाले, "माफ करा. नवशिक्या माणसांना गिऱ्हाइकाला खूश करायची घाई असते. घातली असेल साखर, गोड लागावी म्हणून. बाहेरून आलेल्या मुलीच्या हाती घर दिलं की असंच होतं."

बाहेरून आलेली! दहा वर्षं तिने या मळ्यात कंबर मोडली. नवरा, म्हणजे आबांचा थोरला, जहाजावर समुद्रात. त्याच्या मागे ह्याच मुलीने आबांच्या गुडघ्यांना तेल चोळलं, हिनेच थंडीत वेलींची छाटणी केली. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हॉटेलवाला गाडीत बसून निघूनही गेला होता आणि आबा हात पुढे करून उभे होते.

"तळघराची किल्ली," ते सुनेला म्हणाले. "आजपासून तुझा तिथे संबंध नाही."

२

सुनेने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ती आत गेली, आणि आत्या तिच्या मागोमाग.

"रडू नकोस," आत्या म्हणाली. "म्हणजे रड, पण बोलत बोलत रड. त्या बाटल्या कुणी काढून ठेवल्या होत्या?"

"मीच. बहिणीच्या बाळंतपणाला गेले त्याच्या आदल्या दिवशी. एक खोकं भरून तळघरात ठेवलं, वर खडूने खूण केली. महिनाभर तिकडे होते. आज सकाळी आले ती थेट चुलीपाशी, पाहुणे यायचे होते ना. तळघरात पाऊलसुद्धा टाकलं नाही, आत्या! धाकट्या भाऊजींनीच खोकं वर आणलं."

"आणि किल्ली कुठे होती महिनाभर?"

"नेहमीसारखी स्वयंपाकघरात खिळ्याला. घरात कुणाला चोरी आहे?"

म्हणजे कुणीही घ्यावी आणि कुणीही खाली जावं. आत्याने मनातल्या मनात घर मोजलं. घरात आबा. घरात धाकटा मुलगा. आणि परवापासून मुक्कामाला आलेले जावईबापू, एका मोठ्या वाईन कंपनीतले चाखणारे साहेब. मुलगी नाही आली, एकटेच आले. बस्स, तिघंच.

"चल," आत्या म्हणाली.

"कुठे? किल्ली तर आबांनी घेतली."

"दादाकडून किल्ली कशी काढायची ते मला लहानपणापासून ठाऊक आहे."

आबांनी फारशी खळखळ केली नाही. "घे, तपास कर," ते आरामखुर्चीतून म्हणाले. "तुला सवयच आहे. मी तर सुगीपासून खाली उतरलो नाही. गुडघे कुठे ऐकतात?"

तळघरात गारवा होता. भिंतीशी आडव्या बाटल्यांच्या रांगा, समोर बूच ठोकायचं हाताचं यंत्र, आणि मधोमध ओळीने ठेवलेली लाकडी पिंपं. त्यात यंदाची वाईन मुरत होती. आत्याने रांगेतली एक बाटली उचलली, त्याच वर्षीची, त्याच पिंपांतून भरलेली, आणि उघडून चाखली. करकरीत! गोडाचं नावही नाही.

"म्हणजे मूळ वाईनला कुणी हात लावलेला नाही," ती म्हणाली. "फक्त तुझ्या त्या खोक्यातल्या बाटल्या उघडल्या, साखरेचा पाक ओतला आणि परत बुचं ठोकली. खोक्यावर खूण तुझी. माणसाने नेम धरून तुझ्यावरच खापर फोडलंय."

सून ऐकत नव्हती. ती पिंपांपाशी गेली होती. सवयीने तिने एका पिंपाचं तोंड उघडून आत टॉर्च मारला, आणि कळवळली. "अगं बाई! भाऊजींना सांगून गेले होते की दर आठवड्याला भर घाला!"

लाकूड वाईन पितं. हळूहळू, पण पितं. पिंपात जागा रिकामी राहिली की हवा शिरते आणि हवेने वाईन बिघडते. म्हणून या घरात दर आठवड्याला पिंपं काठोकाठ भरायचा रिवाज आहे. महिनाभर कुणी बघितलंच नव्हतं. दुसरं पिंप उघडलं, तेही उतरलेलं. तिसरं, चौथं, सगळ्यांची तीच गत. सून धाकट्या दिराच्या नावाने बोटं मोडत एकेक बूच काढत होती.

जिन्याजवळच्या शेवटच्या पिंपाशी मात्र ती थांबली आणि बघतच राहिली.

"आत्या, इकडे या जरा. हे भरलेलं आहे."

पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

३

"धाकट्या, इकडे ये," आत्याने अंगणातून हाक मारली.

धाकटा आला तो हातातला मोबाईल न सोडता. त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, की वेली उपटायच्या आणि तिथे सुट्टीला येणाऱ्यांसाठी बंगल्या बांधायच्या. वाईनचा धंदा बुडाला तर सगळ्यात आधी आनंद त्यालाच. आत्याने त्याला आडून आडून विचारलं नाही.

"पिंपात भर घातलीस?"

"विसरलो गं, आत्या." तो ओशाळला. "खरं सांगू? एकदाही गेलो नाही. वहिनी ओरडली का?"

"एकही पिंप भरलं नाहीस? जिन्याजवळचंसुद्धा?"

"एकही नाही. मला ते तळघर आवडत नाही, कुबट वास येतो. आज सकाळी खोकं आणायला गेलो तेवढंच. ए, पण साखर मी नाही हं घातली! मला मळा विकायचाय, तर मी तसं तोंडावर सांगतो. सांगितलंय की नाही आबांना? दोन वेळा शिव्या खाल्ल्यात."

हे मात्र खरं होतं. पोरगं आळशी होतं, बेफिकीर होतं, पण जे वाटेल ते जेवायच्या ताटावर बोलून मोकळं होणारं होतं.

जावईबापू व्हरांड्यात बसले होते. कपड्याला सुरकुती नाही, बोलण्यालाही नाही.

"आत्याबाई, वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण मी तर म्हणतोच आहे, आमच्या कंपनीला मळा द्या. घरगुती कारभारात हे असंच व्हायचं."

"असंच म्हणजे कसं? सूनबाईने साखर घातली असं तुम्हाला वाटतं?"

"दुसरं कोण? खोकं तिचं. महिन्यापूर्वी जाताना घालून ठेवली असेल, की आल्यावर धावपळ नको."

"महिनाभर पाक बाटलीत तसाच राहील?"

"न राहायला काय झालं? आमच्याकडे गोड वाईन वर्षानुवर्षं बाटलीत राहते. बारीक गाळणीतून गाळली की आत काही जिवंतच उरत नाही."

"बरं, आणि तुमच्याकडे पिंपं किती दिवसांनी भरतात हो?"

जावईबापू हसले. "पिंपं? कोण नसते उपद्व्याप करतो! आमच्या स्टीलच्या टाक्या. लाकडाचा वास हवा तर लाकडाचे तुकडे सोडतो आत. चहा उकळल्यासारखं."

आत्याला त्याही परिस्थितीत हसू आलं. पण ते ओठावरच राहिलं, कारण तेवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. गाळणी! या घरात वाईन कधीच गाळत नाहीत. तिच्या वडिलांचा तो हट्ट होता.

तिला लहानपणची ती दुपार आठवली. वडिलांनी एका वर्षी घाई केली होती, द्राक्षातली साखर पुरती संपायच्या आत बाटल्या भरल्या होत्या. उन्हाळा लागला आणि तळघरात फटाक्यांसारखे आवाज सुरू झाले. बाटल्या फुटत होत्या. न गाळलेल्या वाईनमध्ये यीस्ट जिवंत असतं, निजून असतं. त्याला साखर मिळाली की ते जागं होतं, वाईन फसफसते, आणि जागा मिळाली नाही की काच फोडते. वडिलांच्या कपाळाला टाके पडले होते. तेव्हा त्यांचं डोकं धरून बसलेला मुलगा कोण होता, तेही तिला आठवलं.

आत्या खांबाला धरून उभी राहिली.

"आत्याबाई, बरं वाटत नाही का?" जावईबापूंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात बरं वाटत नाही."

४

संध्याकाळी तिने सगळ्यांना त्याच टेबलाभोवती बसवलं. आबा, धाकटा, जावई. सून येत नव्हती, तिला हाताला धरून आणलं.

"मघाशी हिच्यावर आरोप झाला तो चारचौघांत झाला," आत्या म्हणाली. "आता निकालही चारचौघांतच लागेल."

खोक्यातली उरलेली एक बाटली तिने उघडली. बूच निघालं, आवाज नाही. ग्लासात ओतली. पाणी ओतल्यासारखी शांत, एक बुडबुडा नाही.

"बघितलंत? जावईबापू, तुम्ही म्हणालात की महिन्यापूर्वी साखर घातली असेल. तुमच्या कंपनीत चालेल ते. इथे आम्ही वाईन गाळत नाही. इथे बाटलीत यीस्ट जिवंत असतं. महिनाभर या उकाड्याच्या दिवसांत त्याला पाक मिळाला असता, तर तळघर कितीही गार असलं तरी बूच काढताना ही फसफसून बाहेर आली असती. एखादी तर फुटलीच असती. ही तर ढिम्म आहे. म्हणजे साखर पडली ती काल-परवा. आणि काल-परवा सूनबाई बहिणीच्या बाळाचे लंगोट धूत होती."

 जावईबापूंचं तोंड पडलं. "मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतंच माहीत. म्हणून सूनबाईवर आळ घेतलात त्याबद्दल तुम्ही सुटलात. तुम्ही मनापासून चुकीचं बोललात."

"म्हणजे मी?" धाकटा उठलाच. "आत्या, शप्पथ!"

"बस खाली. बाटलीत पाक घालायचा तर आधी थोडी वाईन बाहेर काढायला लागते. खोकंभर बाटल्यांतून निघालेली ती वाईन गेली कुठे? तू असतास तर मोरीत ओतली असतीस आणि हात झटकले असतेस. जावईबापूंनीही तेच केलं असतं, पिंप भरणं त्यांच्या लेखी नसता उपद्व्याप. पण या माणसाने ती ओतली नाही. त्याने ती नेऊन जिन्याजवळच्या पिंपात घातली. सगळी पिंपं उतरलेली आहेत आणि ते एकच काठोकाठ आहे. बिचाऱ्याने पाप करायला घेतलं, पण चांगली वाईन फेकून द्यायला त्याचा हात धजला नाही. रिकामं पिंप बघवलं नाही त्याला."

आत्या आबांच्या खुर्चीकडे वळली.

"आणि दुखऱ्या पायांनी पुढच्या पिंपापर्यंत जाववलंही नाही," आत्या म्हणाली.  "दादा, बाबांच्या कपाळाला टाके पडले तेव्हा त्यांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. महिन्यापूर्वीची साखर अशी गप्प बसत नाही, हे या घरात तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्याने साखरेचं नाव काढलं तेव्हाच तू म्हणायला हवं होतंस, की हे तिचं काम असूच शकत नाही. उलट तू तिच्याकडे बोट दाखवलंस. मी चोर पाहिलेत, खुनी पाहिलेत, पण लेकीसारख्या पोरीला असं परक्यासमोर उभं करून सोलणारा बाप मी पाहिला नव्हता!"

आबा खाली बघत होते. त्यांनी नाकारलं नाही.

"सही," ते पुटपुटले. "परवा त्या हॉटेलवाल्याचा फोन आला होता. म्हणाला, लेबलवर तिची सही घालू. चाळीस वर्षं मी वाईन केली. माझी सही कधी कुणी मागितली नाही."

५

पहिला बोलला तो धाकटा. "जाऊ दे ना, आत्या. झालं ते झालं. म्हातारा माणूस आहे. वहिनी, तुला किल्ली परत मिळेल. घरातली गोष्ट घरातच राहू दे."

"बरोबर आहे," जावईबापू म्हणाले. "बाहेर कळलं तर घराची काय शोभा?"

आत्याने टेबलावर असा हात आपटला की ग्लास आडवा झाला.

"वा रे वा! हिला भेसळखोर म्हणाले तेव्हा घराची शोभा कुठे गेली होती? तेव्हा परका माणूस चालला! आता आबांचं नाव आलं, तर दारं लावून घ्या! त्या माणसाने आत्तापर्यंत गावभर सांगितलं असेल, की अमक्यांची सून वाईनमध्ये साखर कालवते. ती उद्या कुठल्या मळ्यात उभी राहील? कोण हात लावू देईल तिला पिंपाला? तुम्ही सगळे मूग गिळून बसा, आणि तिने आयुष्यभर मान खाली घालून हिंडायचं का?"

"आत्या," सून म्हणाली.  "मला भांडण नको. मला किल्लीही नको. आबांनी त्या साहेबांना फोन करावा. माझ्यासमोर, आत्ता."

धाकटा काही बोलणार होता, पण आबांनीच हाताने थांबवलं. त्यांनी फोन मागितला. सुनेने नंबर लावून दिला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"साखर माझ्या सुनेने घातली नव्हती," आबा म्हणाले. "मी घातली. तिचा काही दोष नाही. मी खोटं बोललो."

एवढं ते एका दमात बोलून गेले. आत्याला नवल वाटलं. नोकरीत तिने कबुलीजबाब खूप ऐकले होते, कबूल करताना माणसं रडतात, कुढतात. आबा मात्र हिशेब सांगावा तसं सांगून मोकळे झाले आणि फोन बंद करायला त्यांनी हात पुढे केला.

पण हॉटेलवाला पक्का व्यापारी होता. "थांबा, आबासाहेब. कुणी घातली ते कळलं. मला सांगा, साखरेच्या आधी ती वाईन कशी होती? दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही. तुम्ही सांगा."

आबांचा हात टेबलावर तसाच राहिला.

"बरी आहे," ते म्हणाले.

"बरी तर सगळ्यांचीच असते. तुम्ही करायचात तशी आहे का?"

 बाहेर अंधारायला लागलं होतं आणि दिवा लावायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आबांनी दोनदा घसा खाकरला. एकदा बहिणीकडे पाहिलं, पण आत्याने नजर वळवली नाही आणि मदतही केली नाही. ते सुनेकडे मात्र बघू शकले नाहीत.

"माझ्याहून चांगली आहे," शेवटी ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की हॉटेलवाल्याने पुन्हा विचारलं, आणि त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. "माझ्याहून चांगली आहे. पहिल्याच वर्षी कळलं होतं मला."

आता मात्र त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. धाकटा उठून त्यांच्याजवळ गेला. आत्याला आपल्या भावाची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला.

सून खुर्चीवरून उठली. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"तीन वर्षं, आबा," ती म्हणाली. "तीन वर्षं पहिला ग्लास मी तुमच्या हातात आणून दिला आणि तुम्ही काय म्हणता याची वाट बघत उभी राहिले. एकदा, एकदा जरी हे मला म्हणाला असतात ना, तर मीच त्या साहेबांना सांगितलं असतं, की सही आबांची घाला, माझी नको."

आबांनी मान वर केली. "मग आता?"

"आता माझीच," सून म्हणाली, आणि तिने टेबलावरचा अजून चालूच असलेला फोन उचलून हॉटेलवाल्याला विचारलं, लेबल छापायला कधी टाकायचं.